‘एके काळी मी ७बी प्लस चढायचो’ – या वाक्याचं करायचं काय?

कपारीतलं_गवत | मंगळवार, रात्री १०:१२

बरेच दिवस इथे वाचनमात्र होतो. आज लिहितोय, कारण काल पुन्हा एकदा क्लाइंबिंगच्या भिंतीवरून चिडून उतरलो आणि घरी येताना लक्षात आलं की चिडण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आधी कुंडली सांगतो. एकोणिसाव्या वर्षी चढायला लागलो. सत्ताविसाव्या वर्षी एक ७बी प्लस रेडपॉइंट केला (म्हणजे न पडता, दोरावर न टेकता पूर्ण चढलो). एकच. त्याच्या खाली तीन ७बी, आणि ७ए, ७ए प्लस मिळून वीस-बावीस (नवख्यांसाठी: या रूटच्या, म्हणजे चढायच्या वाटांच्या, ग्रेड; आकडा, मग ए-बी-सी, मग प्लस, जितकं पुढे तितकं अवघड). हे सगळं एका निळ्या वहीत आहे: तारीख, हवा कशी होती, कितव्या प्रयत्नात गेला. मग नोकरी, मग खांद्याचं ऑपरेशन, मग नुसताच आळस, असं करत नऊ वर्षं गेली. आता वय एक्केचाळीस. गेले दहा महिने आठवड्यातून दोनदा चढतोय. चांगल्या दिवशी ६बी जातो. ६सीवर नुसते हातपाय झाडतो.

तर काल एक ६बी होता. मधे एक फार गोड जागा होती. डावा पाय कमरेइतका उंच ठेवायचा, उजव्या हाताने साइडपुल (बाजूने ओढायची पकड) ओढत कंबर भिंतीला चिकटवायची, की वरचा होल्ड, म्हणजे पकड, जणू स्वतःहून हातात येतो. पहिल्याच प्रयत्नात वर पोचलो. खाली आलो तर बिले देणारी, म्हणजे खालून दोर सांभाळणारी, मुलगी म्हणाली, “मस्त गेला तुमचा!” आणि माझ्या तोंडून निघालं, “हा तर एके काळी आपला वॉर्म-अप होता.”

तिचा चेहरा उतरला. मग कळलं, ती तीन आठवडे त्याच रूटवर झटत होती.

म्हणजे मी एका वाक्यात माझीही मजा घालवली आणि तिचीही. आणि हे वाक्य मी रोज म्हणतो. मोठ्याने नाही म्हटलं तरी मनात म्हणतोच. मी चढत नाही, वजाबाकी करतो. ७बी प्लसमधून आजचा रूट वजा केला की जे उरतं ते दिवसभर सोबत.

तुमच्यापैकी कुणी यातून बाहेर आलंय का? ‘वय म्हणजे फक्त आकडा’ वगैरे नको, प्लीज. खांदा रोज सांगतो की तो फक्त आकडा नाही.

वाऱ्याची_झुळूक | मंगळवार, रात्री १०:४०

वाचतेय. साइडपुलचं वर्णन वाचून हात शिवशिवले.

चॉकपावडर | मंगळवार, रात्री ११:०५

मला पटत नाहीये. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ‘जुनं यश सोडून द्या, मजा घ्या’ हे ऐकायला छान वाटतं, पण बऱ्याचदा ती कोल्ह्याची आंबट द्राक्षं असतात. दहा महिन्यांत आठवड्याला दोन दिवस चढून ६बी म्हणजे तुम्ही नीट ट्रेनिंगच करत नाही आहात. हँगबोर्ड (बोटांनी लटकायची फळी), पॉवर एंड्युरन्स (जोर टिकवायचा सराव), वजन बघा, एक वर्षाचा प्लॅन करा. माझं वय चोवीस आहे, मला ७सी हवाय आणि तो हवासा वाटणं हीच मजा आहे. ध्येय काढून घेतलं तर उरतं काय? दोराला लोंबकळणं.

स्लॅबप्रेमी | बुधवार, सकाळी ७:१५

चॉकपावडर, ध्येय ठेवण्याला कुणाचीच ना नाही. पण गवत यांची अडचण वेगळी आहे. तुझं ध्येय तुझ्यापुढे आहे, त्यांचं मागे. पुढच्या ध्येयाकडे चालता येतं. मागच्याकडे चालायचं तर उलट्या पावली चालावं लागतं आणि कड्यावर ते बरं नव्हे.

मी भिंतीवर शिकवते, त्यामुळे मोठी गॅप घेऊन परत आलेले लोक बरेच पाहिलेत. आधी शरीराचं सांगते, कारण मनाचं बोलता बोलता बोटं तुटतात.

परत आलेल्या माणसाचे स्नायू तुलनेने लवकर परत येतात. चाली तर डोक्यात असतातच, पाय कुठे ठेवायचा ते विसरत नाही माणूस. मागे राहतात ते टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि बोटातल्या पुली. पुली म्हणजे टेंडनला हाडाशी धरून ठेवणारे पट्टे. त्यातली ए२ ही चढणाऱ्यांची ठरलेली दुखापत, आणि बहुतेक वेळा अनामिकेत. बारीक कडेवर बोटं मुडपून, अंगठा वर दाबून फुल क्रिंप केलं की त्या पुलीवर ओपन हँडपेक्षा (बोटं उघडी ठेवून धरण्यापेक्षा) कितीतरी जास्त ताण येतो. आता विचार करा: डोकं म्हणतंय ‘हा तर वॉर्म-अप’, दंड म्हणतोय ‘जमेल’, आणि पुली नऊ वर्षं रजेवर होती. ‘फट्’ असा आवाज येतो तो तिथे. पलीकडच्या बिलेयरलाही ऐकू जातो कधी कधी.

म्हणून परत आलेल्यांना मी पहिले काही महिने जुनी ग्रेड सांगूच देत नाही. हळवेपणा म्हणून नाही, बोटं वाचावीत म्हणून. गवत, तुम्ही ६बीवर आहात आणि बोटं धड आहेत, हे माझ्या हिशोबात उत्तम चाललंय.

आणि ‘वजन बघा’ हा सल्ला अनोळखी माणसाला देऊ नये. या खेळात त्या एका वाक्याने बऱ्याच जणांचं वाटोळं झालंय.

चॉकपावडर | बुधवार, सकाळी ८:०२

वजनाचं मागे घेतो. ताई, बाकीचं पटलं नाही, पण पुलीचं पटलं. गेल्या वर्षी माझी अर्धवट गेली होती.

निवांत_७ | बुधवार, दुपारी १:३०

मुळात ग्रेड ही वस्तू काय आहे ते बघा, म्हणजे वजाबाकी किती पोकळ आहे ते कळेल. ग्रेड म्हणजे खडकाची लांबी-रुंदी नव्हे. पहिल्यांदा चढणारा एक अंदाज सांगतो, मागून येणारे हो-नाही करतात आणि हळूहळू एकमत होतं. उंच माणसाचा ६बी बुटक्याला ६सी प्लस. जाड बोटांना जी चीर बंद, ती बारीक बोटांना दरवाजा.

श्रेणींचे डोलारेही कोसळलेले आहेत. आल्प्समध्ये अनेक दशकं सहावी श्रेणी ही माणसाच्या क्षमतेची शेवटची पायरी मानली जात होती. त्यापुढे काही नाहीच. मग १९७७ साली हेल्मुट कीने आणि राइनहार्ड कार्ल यांनी ‘पुम्परिसे’ हा रूट चढला, त्याला सातवी द्यावी लागली आणि कुंपण मोडलं. अमेरिकेतल्या पद्धतीत तर दशांश चिन्हानंतर ९ वर यादी संपवायची असं ठरलेलं. लोक अजून अवघड चढायला लागले तेव्हा ५.९ नंतर ५.१० आणावं लागलं. गणिताच्या शिक्षकाने छडी घेतली असती.

मला सगळ्यात आवडते ती अमेरिकेच्या जॉन गिल यांची पद्धत. मुळात जिम्नॅस्ट. जिम्नॅस्टिक्सचा चॉक (हाताचा घाम टिपणारी पूड) खडकावर आणला तो त्यांनीच, १९५०च्या दशकात. बोल्डरिंगसाठी (दोराशिवाय बुटके दगड चढण्यासाठी) त्यांनी तीनच पायऱ्या केल्या: बी१, बी२, बी३. बी३ म्हणजे जो फक्त एकदाच चढला गेलाय आणि इतरांनी प्रयत्न करूनही जमलेला नाही. दुसऱ्या कुणी तो चढला की तो आपोआप बी२! म्हणजे सर्वोच्च पदवी कायमची कुणाकडे राहणारच नाही, अशी सोय पद्धतीतच. गवत, तुमचा ७बी प्लस आज किती जणांनी चढला असेल? गिल यांच्या हिशोबाने तुमची पदवी केव्हाच खालसा झाली.

कपारीतलं_गवत | बुधवार, दुपारी २:१०

निवांत, हे वाचून हसलो, पण खरं सांगू? असा युक्तिवाद मी स्वतःशी खूपदा केलाय. ‘ग्रेड म्हणजे काय, अंदाज.’ बुद्धीला पटतं. मग भिंतीपाशी जातो, ग्रेडचा टॅग बघतो आणि पुन्हा वजाबाकी सुरू.

पंधरा_मीटर | बुधवार, रात्री ९:२०

मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते. मी स्पीड क्लाइंबिंग करायचे, ज्युनियर गटात स्पर्धाही केल्या. स्पीडची भिंत सगळीकडे सारखीच: १५ मीटर, ५ अंश पुढे झुकलेली, होल्डही तेच आणि त्याच जागी. निवांत म्हणतात ती पळवाट आम्हाला नाही. ‘हा रूट इथे कडक ग्रेड केलाय’ असं म्हणता येत नाही. घड्याळ सांगतं ते खरं. माझी सर्वोत्तम वेळ मला शतांश सेकंदापर्यंत पाठ आहे, आणि आता मी तिच्या आसपासही नाही.

मला जे जमलं ते असं. मी ती भिंत पूर्ण सोडली. चढणं नाही सोडलं. क्रॅक क्लाइंबिंग शिकायला गेले. चिरेत हात घालून अंगठा तळव्यात दाबून जॅम करायचा, पाय उभा घालून पिळायचा. माझ्या वेगाचा, माझ्या उड्यांचा तिथे काडीचा उपयोग नव्हता. पहिल्या दिवशी सोप्यातल्या सोप्या चिरेत रडकुंडीला आले, हाताच्या मागची कातडी सोलली. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा खाली उतरून मी कुणाला तरी विचारलं, “हे कसं करायचं?” तो प्रश्न विचारण्यात केवढी मोकळीक असते ते मी विसरूनच गेले होते.

म्हणून माझा सल्ला: जिथे तुमच्याकडे जुना आकडा नाही असा प्रकार शोधा. स्लॅब, क्रॅक, काहीही.

स्लॅबप्रेमी | बुधवार, रात्री ९:४५

स्लॅब!! (नावाला जागले.) होल्ड नाहीत, नुसता उतरता कातळ, बुटाच्या रबराच्या घर्षणावर उभं राहायचं आणि श्वास सोडायचा. दंड कितीही फुगलेले असोत, तिथे सगळे सारखेच थरथरतात.

दोरखंड | गुरुवार, पहाटे ५:५०

मी वयाने इथे बहुधा सगळ्यांत मोठा. चौसष्ट. कमरेला दोर बांधून चढायचो, हार्नेस नंतर आला. त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा.

जुन्या यशाचा एक धोका कुणी सांगितला नाही, तो सांगतो. यश मजाच घालवतं असं नाही, ते गाठही विसरायला लावतं. लिन हिल हे नाव तुम्हाला ठाऊक असेल. १९८९ साली फ्रान्समधल्या ब्यूच्या कड्यावर त्या एका तुलनेने सोप्या रूटवर चढल्या. त्या वेळी त्या जगातल्या अव्वल क्लाइंबर होत्या. वर पोचून दोरावर भार टाकला आणि दोर सुटला. गाठ अर्धवट बांधलेली होती. सत्तर फुटांहून जास्त खाली आल्या. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं, कोपर निखळलं. पुढे याच बाईंनी १९९३ साली अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा ‘नोज’ हा रूट सगळ्यात आधी फ्री चढला (दोर फक्त पडलं तर, वर जायला नाही), आणि पुढच्या वर्षी तोच एका दिवसात. पण ब्यूच्या कड्यावर त्या दिवशी आधीची पदकं काही कामाला आली नाहीत. दोराला तुमची वही वाचता येत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी सोडून बिडून काही दिलं नाही. एक दिवस गुडघ्यानेच सांगितलं की आता लीड (दोर सोबत नेत पुढे चढणं) बंद. तेव्हापासून टॉप रोपवर चढतो. पहिलं वर्ष लाज वाटली. आपल्या हाताखाली शिकलेली पोरं आपल्याला वरून दोर लावून देतात याची लाज. मग एकदा अर्ध्या उंचीवर थांबलो होतो, हात दुखत होते म्हणून, आणि खडकात एक बारीक पांढरी शीर दिसली, गारगोटीची, तिरकी वर गेलेली. या कड्यावर मी तीस वर्षं चढलोय. ती शीर माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती आणि मी कधी पाहिली नव्हती. होल्ड तेवढे पाहिले होते.

अवांतर: स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी ९४व्या वर्षी ‘मिरवार द लार्जांतीन’ हा कडा चढले होते. म्हणजे मला अजून तीस वर्षं आहेत. (हो, हीसुद्धा तुलनाच झाली. खोड जात नाही.)

उंचीची_भीती | गुरुवार, सकाळी १०:३०

काका, शेवटचा कंस जबरदस्त.

मी नवीन आहे, चार महिने झाले. ५सी जातो आणि गेला की दोन दिवस ऑफिसात सगळ्यांना पिडतो. इथे सगळे ७ए, ७बी बोलत असताना लिहायला संकोच वाटतोय, पण गवत सर, एक विचारतो. तुम्हाला पहिला ५सी गेला तेव्हा काय वाटलं होतं, आठवतं का?

कपारीतलं_गवत | गुरुवार, दुपारी १२:०५

‘सर’ नको. आणि नाही रे, आठवत नाही. वहीतही नाही. वही मी ६सीपासून लिहायला घेतली. त्याआधीचं लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

हे टाइप करून पाच मिनिटं तसाच बसलोय.

चॉकपावडर | गुरुवार, दुपारी १२:४०

पण अमेरिकन क्लाइंबर टॉमी कॉल्डवेलचं काय? २००१ मध्ये डाव्या हाताची तर्जनी करवतीखाली गेली. जुनं सोडून मजा घेत बसला असता तर २०१५ च्या जानेवारीत केव्हिन जॉर्जसनबरोबर १९ दिवस भिंतीवर राहून एल कॅपिटनवरचा ‘डॉन वॉल’ झाला असता का?

पंधरा_मीटर | गुरुवार, दुपारी १:१५

कॉल्डवेलचं उदाहरण मला नेहमी उलटं वाटतं. बोट गेल्यावर तो ‘बोट असतानाचा मी’ परत मिळवायला बसला नाही. नऊ बोटांचा हात काय करू शकतो ते त्याने नव्याने शिकून घेतलं. आणि दुसरं, जे जगात एखाद्यालाच जमतं त्याचा दाखला बाकी सगळ्यांना द्यायचा, हेच तर गवत स्वतःशी करतायत. फक्त त्यांचा कॉल्डवेल सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्यांच्याच नावाचा आहे.

निवांत_७ | गुरुवार, दुपारी १:२०

शेवटचं वाक्य! _/\_

चॉकपावडर | गुरुवार, दुपारी १:४५

हम्म. विचार करतो. ७सी मात्र हवाच आहे.

खडूस_बिलेयर | गुरुवार, रात्री ११:३०

हा धागा मला एकाने पाठवला. म्हणाला, “बघ, हा तुझाच माणूस ना?” खास यासाठी खातं उघडलंय.

अरे गवता, निळी वही म्हटल्यावर ओळखणार नाही होय मी? त्या ७बी प्लसला खाली दोर कुणी धरला होता?

मंडळी, याने तुम्हाला वहीतलं सांगितलं. आता वहीबाहेरचं ऐका. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं झालंय याचं.

तो रूट याला दोन सीझन लागले. पहिल्या सीझनला आम्ही इकडेतिकडेही चढायचो. दुसऱ्या सीझनला हा दुसरं काहीच चढेना. शनिवार आला की तोच रूट, तोच क्रक्स (सगळ्यात अवघड जागा), चौथ्या बोल्टच्या (दोर अडकवायला खडकात बसवलेल्या खिळ्याच्या) वर डाव्या हाताला दोन बोटांचं पॉकेट, म्हणजे भोक. पन्नासच्या वर प्रयत्न झाले असतील. मी मोजणं सोडलं होतं, हा मोजत होता. मी खालून काही बोललो की ओरडायचा, “लक्ष विचलित होतं.” म्हणून मी गप्प. तेव्हापासून माझं नाव खडूस.

आणि ज्या दिवशी गेला त्या दिवशी काय झालं ते तुला आठवतं का? वरच्या चेनमध्ये दोर क्लिप केलास, मी खालून बोंबललो, तू काहीच बोलला नाहीस. खाली आलास, गाठ सोडलीस आणि पहिलं वाक्य म्हणालास, “काहीजण याला ७बीच म्हणतात. खरंच प्लस आहे ना हा?”

म्हणजे तेव्हाही तू वजाबाकीच करत होतास, गाढवा. तेव्हा वरच्यातून करायचास, आता मागच्यातून करतोस. वयाचा आणि खांद्याचा काही संबंध नाही.

तुला हसताना पाहिलेला शेवटचा दिवस सांगू? ती लांब चिमणी (दोन भिंतींमधली माणूस मावेल एवढी फट) होती बघ, ५सी असेल नसेल. निम्म्यावर असताना सर आली. तू पाठ एका भिंतीला, पाय समोरच्या भिंतीला टेकवून तसाच अडकून बसलास. पाणी डोक्यावरून मानेत, मानेतून बुटात. आणि तू वरून गाणं म्हणायला लागलास, भसाड्या आवाजात, चिमणीत घुमत होतं. खाली मी पावसात उभा, बिले सोडता येत नाही, हसून हसून पोट दुखतंय. तो दिवस वहीत आहे का बघ.

दोरखंड | शुक्रवार, पहाटे ५:४०

बिलेयरची वही कुणी मागत नाही. खरी तीच असते.

कपारीतलं_गवत | शुक्रवार, सकाळी ८:२०

वही काढली. सापडला तो दिवस. त्या पानावर एवढंच आहे:

‘पाऊस. काही झालं नाही.’

वाऱ्याची_झुळूक | शुक्रवार, सकाळी ८:२५

अरे देवा.

स्लॅबप्रेमी | शुक्रवार, सकाळी ९:१०

आता जमिनीवर येऊन थोडं कामाचं लिहिते, कारण असे धागे डोळ्यांत पाणी आणून संपतात आणि मंगळवारी माणूस पुन्हा टॅग बघत उभा राहतो.

वाक्य आवरता येत नाही, निदान मला तरी आलं नाही. लक्ष दुसरीकडे न्यायला मात्र जमतं. मी काय करून घेते: टॅग न बघता रूट निवडायचा, बिलेयरनेही सांगायचा नाही. मग पूर्ण चढाईत एकच गोष्ट धरायची, पायाचा आवाज येऊ द्यायचा नाही. मूक पाय. ठेवला की ठेवला, सरकवायचा नाही, दुसऱ्यांदा ठेवायचा नाही. ६बीवर हे करून बघा. जो ‘वॉर्म-अप’ होता तो अचानक पुरून उरतो. त्यात वजाबाकीला डोक्यात जागाच राहत नाही. दुसरं, चढलेला रूट दोरावर न लोंबकळता चढून उतरा. डाउनक्लाइंबची ग्रेड कुणी वहीत लिहीत नाही, म्हणून तो अजून स्वच्छ आहे.

फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात बोल्डरवर रंगीत बाण आणि क्रमांक रंगवलेले असतात. पिवळं सर्किट सोपं, मग नारिंगी, निळं, लाल, असं चढत जातं. एका दगडावरून उतरायचं, पुढच्याकडे चालत जायचं, तो चढायचा. दिवसभरात पन्नासएक दगड. संध्याकाळी कुणी विचारलं काय केलं, तर उत्तर ‘निळं’. मला तो हिशोब फार आवडतो. भिंतीवरही करता येतो: एका संध्याकाळी पंधरा सोपे रूट, ओळीने, मधे न बसता.

जिमच्या ग्रेडवर तर विसंबूच नका. काही आठवड्यांनी होल्ड काढून धुतात, नवे रूट लावतात. लावणारा बदलला की ६बीचा स्वभाव बदलतो.

निवांत_७ | शुक्रवार, सकाळी १०:००

रेडपॉइंट शब्दाचा विषय निघालाच आहे तर: कुर्ट अल्बर्ट १९७५ साली जर्मनीतल्या फ्रांकेनयुरात जुन्या रूटवर पिटॉनला (खडकात ठोकलेल्या खिळ्यांना) हात-पाय न लावता चढायचा प्रयत्न करायचे. पूर्ण रूट तसा गेला की पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचे. रोटपुंक्ट. यात लक्षात घेण्यासारखं हे की ठिपका खडकाला लावला, स्वतःच्या कपाळाला नाही. ठिपका लावून माणूस पुढच्या रूटकडे गेला.

चॉकपावडर | शुक्रवार, सकाळी १०:३०

मूक पाय काल रात्री करून बघितले (ताईंनी आधी दुसऱ्या धाग्यात लिहिलं होतं). ६सीवर पडलो. माझा ६सी!! काय वैताग आहे. आज परत करणार आहे.

उंचीची_भीती | शुक्रवार, दुपारी ३:१५

मी आज वही घेतली. पहिल्या पानावर पहिला ५सी लिहिलाय, चार महिने उशिराने. ‘वर पोचल्यावर पाय थरथरत होते, खाली बघितलं, बिलेयर मुंगीएवढा.’ ग्रेडचा रकाना ठेवायचा की नाही यावर अडलोय.

कपारीतलं_गवत | शुक्रवार, दुपारी ३:५०

ठेव की. लाज वाटण्यासारखं नाही त्यात. फक्त शेजारी एक रकाना ठेव: खाली कोण होतं.

कपारीतलं_गवत | रविवार, रात्री ८:४५

अपडेट, कारण अर्धवट सोडलेले धागे मला आवडत नाहीत.

आधी त्या बिले देणाऱ्या मुलीला भेटलो. माफी मागितली. ती म्हणाली, “मला वाटलं तुम्ही मला म्हणालात.” नाही म्हटलं, मी स्वतःला म्हणालो. मग तिने तो ६बी लावला. मधल्या जागी ती हातानेच ओढत होती. मी खालून फक्त एवढंच म्हणालो, डावा पाय अजून उंच. तिला पटकन जमलं नाही, चौथ्यांदा जमलं. कंबर भिंतीला लागली तसा तिचा हात वर गेला, आणि मला ती चाल माझ्याच अंगात जाणवली, चढताना जाणवली होती त्याहून स्पष्ट.

आणि काल खडूसबरोबर कड्यावर गेलो. दहाएक वर्षांनी. तो ७बी प्लस चिमणीच्या वाटेवरच आहे. खाली थांबलो. चौथा बोल्ट बदललाय कुणीतरी, नवा चकचकीत आहे. पॉकेटमध्ये दुसऱ्याचा चॉक. हात लावावासा वाटला, लावला. बोटं गेली आत, छान बसली. तेवढंच. सगळं निवळलं असं म्हणणार नाही, पोटात एक कळ आलीच. खडूस म्हणाला, “चल, ऊन येईल.”

चिमणी कोरडी होती. पाठ घासत घासत वर गेलो. खांद्याने दोनदा तक्रार केली. निम्म्यावर, त्याच जागी, पाय समोर टेकवून बसलो. खडूस खालून ओरडला, “गाणं?” मी म्हटलं, पाऊस नाही. तर त्याने बाटलीतलं पाणी वर उडवायचा प्रयत्न केला. वीस मीटर. सगळं त्याच्याच अंगावर.

दोरखंड काका, तुमच्या त्या शिरेसारखं काही दिसतंय का म्हणून मुद्दाम बघत होतो. शीर नाही दिसली. पण चिमणीच्या आत डाव्या बाजूला एका चिरेत खरोखरच गवत उगवलेलं आहे.

खडूस_बिलेयर | रविवार, रात्री ९:३०

गाण्याचं उधार आहे. पुढच्या शनिवारी सहाला. दोर तू आण, माझा भिजलाय.